खांद्याचं माप

करवत दस्त्यात निम्मी उतरली होती, तेवढ्यात दार उघडलं. आण्णा उल्हासनगरहून लवकर परतले होते.

"काय करतेस?"

संजीवनीने मान वर केली नाही. रायफलचा लाकडी दस्ता तिने स्टुलावर आडवा घालून गुडघ्याने दाबून धरला होता. नळी आधीच उतरवून कॉटवर ठेवली होती. फरशीवर भुसा सांडला होता.

"दिसतंय ना, आण्णा. कापतेय."

"कोणाला विचारून?"

"कोणालाच नाही. विचारलं की तुम्ही नाही म्हणता."

ती एअर रायफल तिच्या भावाची, प्रज्वलची. निदान घरात तसंच म्हणायचे. जुनी घेतली तेव्हा तिचा मूळचा दस्ता तडकलेला होता आणि नवा परवडणारा नव्हता. आण्णा तेव्हा अंबरनाथच्या एका कारखान्यात ओतकामाचे लाकडी साचे बनवायचे. त्यांनी फर्निचर बाजारातून सागाचा तुकडा आणला. मुलाला समोर उभं करून त्याच्या हाताचं, मानेचं, खांद्याचं माप घेतलं आणि दस्ता घरीच कोरला. बदलापूरच्या नेमबाजी क्लबात पोरं त्यावर हात फिरवून बघायची. प्रज्वल दोन वर्षं नेम धरत राहिला. मग इंजिनीअर झाला, बंगळुरूला गेला आणि रायफल कपाटावर गेली.

तिथून ती संजीवनीने खाली काढली. तिला कोणी दिली नव्हती, पण कोणी अडवलंही नव्हतं.

अडचण एकच होती. प्रज्वल उंच आणि ही आण्णांच्या खांद्याएवढी. गाल टेकत नव्हता, म्हणून तिने जुन्या चपलेचं रबर कापून चिकटपट्टीने बसवलं. मुठीत पकड येईना, म्हणून सायकलची ट्यूब गुंडाळली. नळी हलकी वाटत होती, म्हणून गॅरेजवाल्याकडून चाकाला लावायचे शिशाचे तुकडे मागून आणले. हे सगळं घरी आल्यावर काढून ठेवायचं, अशी आण्णांची अट होती. रायफल होती तशीच राहिली पाहिजे. ती रोज लावायची, रोज काढायची.

पण लांबी कशाने कमी होणार? दस्ता खांद्याला लावला की तिला मागे झुकावं लागे. डावं कोपर कमरेवर टेकायच्या ऐवजी हवेत राही. काल क्लबातल्या कोच भाविका मॅडम तिच्याकडे बराच वेळ बघत उभ्या होत्या. शेवटी म्हणाल्या, "रायफल तुझ्या मापाची होत नाहीये, संजीवनी. तूच तिच्या मापाची होत चाललीयेस. मान बघ आरशात."

तिने घरी येऊन आरशात पाहिलं. मान खरंच एका बाजूला गेली होती. आज आई चामटोलीला मामाकडे गेली, आण्णाही बाहेर पडले, तशी तिने करवत काढली.

"ठेव ती खाली," आण्णा म्हणाले. "दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही. मी त्यालाच फोन करतो."

"करा. स्पीकरवर ठेवा."

बऱ्याच रिंगनंतर प्रज्वलने फोन उचलला. आण्णांनी सगळं सांगितलं.

"कुठली रायफल?" प्रज्वल म्हणाला. "अच्छा, ती! अहो कापू द्या ना तिला. मला काय करायचीये? आण्णा, मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो."

फोन बंद झाला. आण्णा तो टेबलावर ठेवायला गेले. फोन काठावर दोनदा आपटला, मग बसला.

"ऐकलंत?" संजीवनी म्हणाली. "त्याच्या लक्षातसुद्धा नाही. मग कोणासाठी जपताय?"

"तुला वाटतं मी त्याच्यासाठी अडवतोय?"

त्यांनी दोन्ही हात तिच्यासमोर धरले. बोटं थरथरत होती. चहाचा कप ते हल्ली दोन हातांनी धरतात हे तिने पाहिलं होतं. त्याबद्दल घरात कोणी काही बोललं नव्हतं.

"हा दस्ता बिघडला तर दुसरा माझ्याच्याने व्हायचा नाही," आण्णा म्हणाले. "रंधासुद्धा धरता येत नाही आता. माझ्या हातचं हे एवढंच राहिलंय."

संजीवनीने त्यांच्या बोटांकडे पाहिलं. पण तिने करवत सोडली नाही.

"मग ते कपाटावर ठेवून काय पूजा करायची?" ती म्हणाली. "कोणाच्या तरी खांद्याला लागू दे, आण्णा. माझ्या खांद्याला लागू दे. तुम्हाला राग आला तरी मी कापणार."

आणि ती कापू लागली. आण्णा हलले नाहीत. खोलीत करवतीचा तेवढा आवाज होता. मग मागचा तुकडा सुटला आणि फरशीवर पडला.

तिने कड घासली. आधी काढून ठेवलेली मागची रबरी पट्टी स्क्रूने बसवली. उठून उभी राहिली आणि नुसता दस्ता खांद्याला लावला. मान सरळ राहिली. कोपर आपोआप कमरेकडे आलं. तिने डोळे मिटून घेतले, कारण आण्णांकडे बघायचं तिच्यात बळ नव्हतं.

पावलं जवळ आली. आण्णा तिच्याभोवती सावकाश फिरले. तिच्या कोपराखाली त्यांचं थरथरणारं बोट लागलं, मग खांद्यावर, मग मानेवर. ते थोडे मागे सरले आणि एक डोळा बारीक करून बघत राहिले.

"अजून अर्धा इंच लांब आहे," ते म्हणाले. "काप."