वळणाआधीचे तीन सूर

रिशने वळणाआधी एकदा हॉर्न वाजवला आणि वळणाशी पोचता पोचता पुन्हा एकदा.

"बस चालवतोयस की वरात नेतोयस?" पुढच्या सीटवरून उर्सिनाआजी म्हणाल्या. त्यांच्या पायाशी चीजची टोपली होती आणि प्रत्येक वळणावर ती पायाने धरून ठेवावी लागत होती.

रिश हसला नाही. मागच्या पर्यटकांना मात्र हॉर्नचे ते तीन सूर फार आवडले होते. ते मोबाइल खिडकीबाहेर धरून बसले होते. लदीनाच्या मांडीवरचा तिचा मुलगा अंद्री, अजून दोन वर्षांचाही न झालेला, तसाच आवाज काढायला लागला. ता-तू-ताऽ. लदीनाने पटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला. आजी बघताहेत हे लक्षात आल्यावर तिने रुमाल काढून त्याचं तोंड पुसलं.

खिंड कालच उघडली होती. रस्त्याच्या दोन्ही अंगांना अजून बर्फ उभा कापलेला होता आणि त्यातून पाणी ठिबकत होतं. लदीनाच्या सासूबाई खिंडीपलीकडे राहायच्या. हिवाळाभर लदीना आगगाडीने डोंगराला वळसा घालून त्यांच्याकडे जायची, रस्ताच बंद म्हटल्यावर कुणी काही विचारत नव्हतं. आता रिशची बस टाळायला सबब उरली नव्हती.

सासूबाईंनी फोनवर सगळं सांगितलं होतं. रिश फक्त आजच्या दिवसापुरता बसवर येणार होता. लदीनाने एक शब्द म्हटला तर तो राहील, नाहीतर संध्याकाळी किल्ल्या देऊन टाकील. माझा पोटचा मुलगा गेला तरी मी रिशशी बोलते, त्या म्हणाल्या होत्या. वाईट माणूस नाही गं तो. तू एवढी कठोर कधीपासून झालीस?



गेल्या सप्टेंबरात ती सासूबाईंकडून परत येत होती. गाडी ती चालवत होती, शेजारी तिचा नवरा लुझी, मागे तान्हा अंद्री. माथ्याला पोचण्याआधीच्या अरुंद वळणावर समोरून बस आली. तिने गाडी दरीच्या अंगाला घातली आणि ती लुझीच्या बाजूने दगडी कठड्यावर आदळली. ती वाचली, अंद्रीला ओरखडासुद्धा आला नाही. लुझी गेला.

या रस्त्याचा नियम इथे सगळ्यांना ठाऊक असतो. बसचा हॉर्न ऐकू आला की जिथे रस्ता रुंद असेल तिथे गाडी कडेला घ्यायची आणि बस जाईपर्यंत थांबायचं. पोरंदेखील अंगणात खेळण्यातल्या गाड्या तशाच थांबवतात. म्हणून चौकशीत प्रश्न एकच होता. हॉर्न वाजला होता का?

बस रिकामी होती. लदीनाने इस्पितळातल्या खाटेवरून सांगितलं की तिला काही ऐकू आलं नाही. आणि रिशला सांगताच येईना. उभा जन्म त्या वळणावर त्याचा हात आपोआप हॉर्नवर जात आला होता. पण त्या दिवशी गेला की नाही, ते त्याला आठवत नव्हतं, आणि जे आठवत नाही त्याची शपथ घ्यायला तो तयार नव्हता. पुराव्याअभावी चौकशी बंद झाली. गावाने मात्र रिशला दोषी धरून आपला निकाल केव्हाच लावला होता.

माथ्यावर बस थांबली. पर्यटक फोटो काढायला उतरले. उर्सिनाआजींनी अंद्रीला उचललं, चल रे लबाडा, तुला बर्फ दाखवते, म्हणत त्याही उतरल्या. जाताना त्यांनी रिशकडे आणि मग लदीनाकडे पाहिलं.

रिश टोपी हातात घेऊन सीटपाशी आला.

"काही गरम आणू का तुला? समोर जवाचं सूप मिळतं."

"नको, काका."

तो गेला नाही. बोटांनी टोपीची कड चाचपत राहिला.

"झोपेत मी ते वळण घेतो," तो म्हणाला. "हात हॉर्नकडे जातो आणि पोचायच्या आत जाग येते. कधी वाटतं, वाजवला होता, नक्की वाजवला होता. मग वाटतं, स्वतःची कातडी वाचवायला मन खोटं बोलतंय."

लदीना त्याच्या हातांकडे बघत होती. हिवाळ्यात ते फार वाळले होते.

"नोकरी सोडू नका," ती म्हणाली.

"ते तुझ्यावर आहे, पोरी."

बाहेर अंद्री खिदळत होता. लदीनाने एकदा दाराकडे पाहिलं.  रिश वाट बघत उभा राहिला. तो घाई करणार नव्हता, हे तिला दिसत होतं.

"मी तुम्हाला माफ केलं," ती शेवटी म्हणाली.

रिशने टोपीत तोंड लपवलं. त्याचे खांदे हलत राहिले. मग त्याने तिचे दोन्ही हात धरले, इतकं मोठं मन देवाने कुणाला दिलेलं मी पाहिलं नाही, म्हणाला. दारात येऊन उभ्या राहिलेल्या आजी डोळे टिपत होत्या. त्यांनी अंद्रीला लदीनाच्या मांडीवर ठेवलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

बस उताराला लागली. त्या वळणाआधी रिशने हॉर्न वाजवला, एकदाच, पण लांब, मोकळा. समोरच्या कड्यावर आपटून आवाज परत आला.

लदीनाने डोळे मिटून घेतले. सप्टेंबरातही ते सूर असेच कड्यावरून परत आले होते. मागे अंद्री रडून लाल झाला होता, त्याची दुधाची वेळ टळून गेली होती, आणि रस्त्याची रुंद जागा तर अगदी उजव्या हाताला होती.

"थांब, रिशची बस येतेय," लुझी म्हणाला होता, आणि ती म्हणाली होती, "येऊ दे, तेवढ्यात आपण निघून जाऊ."