काळ्या फितीचा फोटो

१९९३ साली सोलमध्ये चाळिशीतल्या गी-ताएकला टीव्ही मालिकेत पहिलं काम मिळालं, तेही मेलेल्या बापाच्या फोटोचं. चेहरा इतका सोज्वळ, की पुढे कुठल्याही मालिकेत मेलेल्या माणसाचा काळी फीत लावलेला फोटो त्याचाच असायचा. बोलायचं काम मात्र कधीच मिळालं नाही.

“आज परत मेला गं तुझा लेक,” शेजारीण ओक-बुन चिडवायची.

त्याच्या भाताचा वाडगा गरम राहावा म्हणून खालून तापवलेल्या उबदार जमिनीवर रजईखाली झाकत आई म्हणायची, “मरू दे. जेवायला घरीच येतो.”

पुढे तो खरोखरच गेला. फुलांत मांडलेला तोच फोटो पाहून ओक-बुन हमसाहमशी रडली, आणि नंतर लेकीच्या गावी निघून गेली.

“रडतेस काय? पहिल्यांदा मेलाय का तो?” आई तेव्हा तिला म्हणाली होती. वाडगा ती अजून रोज रजईखाली ठेवते.