न शिवलेले पीस

बायको महानंदा गेल्यावर तीन महिन्यांनी मी उदगीरच्या नगरपालिकेला अपक्ष उभा राहिलो. वॉर्डातल्या बायकांचे ब्लाऊज तीच शिवायची, म्हणून चिन्ह शिलाई मशीन मागून घेतलं. प्रचाराला ज्या दारात जावं तिथली बाई म्हणायची, "वीरण्णा, मत देऊ की, पर माझा ब्लाऊज पीस तुमच्याकडंच राहिलाय." शेवटी न शिवलेले सगळे पीस पिशवीत भरून मी घरोघर निघालो. दुसऱ्याच गल्लीत निवडणुकीच्या भरारी पथकानं धरलं.

"मतदारांना कापड वाटताय?"

"वाटत न्हाई साहेब, वापस करायलोय. जिचं तिला."

साहेबांनी पिशवी उपडी केली. प्रत्येक पीसला महानंदाच्या हातची चिठ्ठी टाचलेली होती, नाव आणि माप लिहून.

"वा, यादीपण तयार!"

एकेक नाव मतदारयादीत शोधून ते पीस जप्त करत गेले. एक जांभळा उरला.

"याला चिठ्ठी नाही. कुणाचा हा?"

"महानंदाचा. माझी बायको. सगळ्यांचे झाले की स्वतःचा शिवणार होती."

साहेबांनी यादी दोनदा पाहिली.

"यांचं नाव कमी झालंय. मतदार नाहीत, मग हरकत नाही. हा ठेवा तुम्ही."