सहा मुलं कमी

मुलीला रस्त्यापलीकडच्या खासगी शाळेत घालायचं ठरलं, तेव्हा बाईंच्या नवऱ्याने स्कूटर विकली आणि तो बेकरीत पहाटेच्या पाळीला पायी जाऊ लागला. बाईंनी दाताचं काम पुढे ढकललं आणि एकाच बाजूने चावायची सवय करून घेतली. “आपण खाल्ल्या तेवढ्या खस्ता पुरे, पोरीच्या वाट्याला नकोत,” असं दोघं एकमेकांना सांगत राहिले.

बाई स्वतः वस्तीतल्या मोफत शाळेत शिकवायच्या. चार वर्षांत तिथली बाकं एकेक करून रिकामी होत गेली, आणि एके दिवशी तपासनीस आले.

“बाई, पटावर सहा मुलं कमी पडतायत. आठ दिवसांत भरली नाहीत तर शाळा बंद.”

“आणि माझी नोकरी?”

“शाळाच नाही, तर नोकरी कसली?”

नोकरी गेली की मुलीची शाळाही सुटणार होती. बाई पायाला भिंगरी लावल्यासारख्या घरोघर फिरल्या. कुणी पाणी दिलं, कुणी दारातूनच वाटेला लावलं. मूल मात्र कुणीच दिलं नाही.

आठव्या दिवशी संध्याकाळी त्या शेवटच्या दाराशी उभ्या राहिल्या. शिलाई मशीन थांबवून एक आई बाहेर आली.

“तुम्ही जीव लावून शिकवता, सगळेच सांगतात,” ती म्हणाली. “मीही माझ्या पोराला पाठवलं असतं हो.”


“पण बाई,” तिने विचारलं, “तुम्ही तुमच्या मुलीला का नाही घातलंत तिथे?”