बोळवणीची कॅसेट

धाकट्या दिराच्या लग्नाची कॅसेट मंठ्याहून आली, तशा आम्ही मस्तगडच्या घरी भाड्याचा व्हीसीआर लावून बसलो. बोळवणीच्या वेळी आम्ही वऱ्हाडाच्या बाया आधीच टेम्पोत जाऊन बसल्तो, म्हणून ती आत्ताच पहिल्यांदा बघत होतो.

टीव्हीत नव्या जावेची चुलती हंबरडा फोडून राह्यली होती. आत्या, मावश्या एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. नवरीची माय, गोजरबाई, तेवढी मांडवाच्या खांबाला टेकून कोरड्या डोळ्यांनी बघत उभी.

"सख्खीच माय हाय ना ही?" सासूबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या. माझ्याही मनात बराबर तेच आल्तं. चहा घेऊन आलेल्या नव्या जावेला मी विचारलंच, "काय गं कुशावर्ता, लेक चालली तरी तुह्या मायच्या डोळ्यात टिपूस न्हाई?"

तिनं कपबशा खाली ठेवल्या.

 

"माय रडली तवा कॅमेऱ्याची बॅटरी उतरल्ती, जाऊबाई. शूटिंगवाल्यानं दुसरी टाकली अन् म्हणला, परत एकदा रडा. माय सोडून सगळ्यांना जमलं."