निळं दार

युक्रेनहून आलेली चित्रकार दारिना शनिशिंगणापुरात आक्काबाईच्या अंगणात तीन दिवस बसून तिच्या घराचं चित्र काढत होती. चित्रं विकून ती तिकडं युद्धात पाय गमावलेल्यांना कृत्रिम पाय बसवून देते, असं सून रेश्माने सांगितलं, तेव्हापासून आक्काबाई तिला चहाबरोबर शेंगदाण्याचा लाडूही देऊ लागली.

चौथ्या दिवशी चित्र पुरं झालं. शेळी, वाळत घातलेलं लुगडं, उंबऱ्यापुढची रांगोळी, सगळं जिथल्या तिथं होतं. फक्त गावात जे कुणाच्याच घराला नसतं, ते आक्काबाईच्या घराला बसवलेलं होतं. निळं, कडी लावलेलं, खाली कुत्र्याच्या नखांचे ओरखडे असलेलं दार.

आक्काबाईने चित्रातल्या दारावर बोट ठेवलं.

"तिला म्हनावं, आमच्यात घराला दार लावत न्हाईत. शनी म्हाराज राखत्यात. तेवढं पुसून टाक म्हनावं, न्हाईतर कोप व्हईल."

रेश्माने दारिनाला विचारलं, तिचं सगळं ऐकून घेतलं आणि मग सासूकडं वळली.



"आत्या, बॉम्ब पडला त्यात तिच्या आईच्या घराचं तेवढं दारच उरलं. त्या दारासाठी ती घर शोधती."