सुईणीची शपथ

सुईणीला बोलवायचं नाही, असं दोघांचं ठरलं होतं. पण मूल आडवं आलं, उर्सुला पहाटेपासून कळा देऊन पार गळून गेली, आणि शेवटी काश्पार धावत जाऊन अपोलोनियाला घेऊन आलाच. दुसरं काय करणार? इकडे आड, तिकडे विहीर.

अपोलोनिया गावाची नेमलेली सुईण. घरात मूल जन्मलं की पाद्र्याला कळवायचं, अशी शपथ घेतल्याशिवाय इन नदीच्या त्या खोऱ्यात कुणाला हे काम मिळत नसे. पाद्र्याला कळलं की बाळाला लगेच चर्चमध्ये नेऊन बाप्तिस्मा द्यावा लागे.

आणि इथंच सगळं अडलं होतं. काश्पार आणि उर्सुला नव्या पंथाचे. पाण्याचा संस्कार कळत्या माणसानं स्वतःच्या तोंडानं मागावा, पाळण्यातल्या पोरावर लादू नये, असं ते मानत. घरात मूर्तीही ठेवत नसत. एवढ्यासाठी काश्पारच्या धाकट्या बहिणीला इन नदीत बुडवून मारलं होतं. "आमचं पाणी नको काय? मग हे पी पोटभर," असं म्हणून काठावरचे लोक हसले होते. उर्सुला तेव्हा त्या गर्दीत उभी होती. ते हसणं तिला अजून झोपेत ऐकू यायचं.

अपोलोनियानं खोलीत पाऊल टाकलं आणि चारी भिंतींवरून नजर फिरवली.

"इथं मेरीची मूर्ती होती ना गं?"

"पडून फुटली, मावशी."

"लाकडाची होती की ती."

उर्सुलानं ओठ चावला. कळांपेक्षा तिला त्या नजरेची भीती वाटली.

"असू दे," अपोलोनिया बाह्या सारत म्हणाली. "मला काही मूर्तीचं बाळंतपण करायचं नाही. काश्पार, ते कोमट पाणी इथं ठेव. आणि दाराला टेकून रडतोस काय? जा, लाकडं आण."

तिनं आत हात घालून मूल फिरवलं. बऱ्याच वेळानं ते बाहेर आलं, पण निळं. हातपाय लोंबत होते, रडणं नाही.

"नाव काय ठरवलंय?" अपोलोनियानं विचारलं.

उर्सुलानं बाळाकडे हात पसरले. पोर हातातून चाललंय, आणि या बाईला पाद्र्याला सांगायला नाव हवंय.

"सांग लवकर."

"एलियास," उर्सुला कसंबसं बोलली. खोटं नाव सांगायचंही तिला सुचलं नाही.

अपोलोनिया पाठमोरी झाली. पाण्याचा आवाज आला. ती काहीतरी पुटपुटत होती, पण पुटपुटत नाही अशी सुईण कुणी पाहिलीये? मग पाठीवर दोन थापट्या बसल्या आणि पोरानं टाहो फोडला. काश्पार हातातली लाकडं अंगणातच टाकून आत आला. बाळ आईच्या कुशीत ठेवलं तेव्हा त्याचं जावळ ओलंचिंब होतं.

"रडू दे," अपोलोनिया म्हणाली. "छाती मोकळी होते."

ती निघाली तेव्हा काश्पार दारात गुडघे टेकून बसला.

"मावशी, पाद्र्याला सांगू नका. माझ्या बहिणीचं काय झालं ते तुम्ही पाहिलंय. पोर पोरकं होईल हो."

"कळवावं लागतं, बाबा. शपथ आहे माझी. बाजूला हो, चुलीवर रस्सा ठेवून आलेय."

रात्रभर दोघं जीव मुठीत धरून बसली. पळणार तरी कुठे? खिंडीत बर्फ होतं आणि उर्सुलाला उठून बसवत नव्हतं.

सकाळी पाद्री आला. बरोबर शिपाई, त्याच्या खांद्यावर दोर. मागे अपोलोनिया.

"मूल चर्चमध्ये का आणलं नाही?" पाद्र्यानं विचारलं.

काश्पार खाटेच्या पुढे येऊन उभा राहिला. उर्सुलानं बाळाला इतकं घट्ट धरलं की ते किंचाळलं.

"आणायची गरज नाही," अपोलोनिया म्हणाली. "पोर मरणाच्या दारात होतं. मी इथंच बाप्तिस्मा दिला."

सुईणीला तेवढी मुभा होती. पण पाद्री असा सहज ऐकणारा नव्हता.

"पाणी घातलंस?"

"घातलं."

"नाव घेऊन?"

"एलियास."

"आणि शब्द?"

"पिता, पुत्र, पवित्र आत्मा. केस पांढरे झाले माझे यात. विसरेन होय?"

पाद्र्यानं पुस्तक पुढे धरलं. "हात ठेवून सांग."

खोटी शपथ घेणाऱ्याची बोटं छाटत. ती बोटं गेली तर ही बाई पोट कशावर भरणार, हे उर्सुलाला ठाऊक होतं. तिनं डोळे मिटून घेतले. अपोलोनियानं हात ठेवला, शपथ घेतली, आवाज जरासुद्धा हलला नाही.

पाद्र्यानं बाळाच्या कपाळावर क्रूस काढला आणि तो गेला. "दोर उगाच वाहून आणला," असं कुरकुरत शिपाईही गेला.

काश्पार रडत होता की हसत होता, त्याचं त्यालाच कळेना. "उर्सुला, कायद्यानं सुटलो, आणि पोरावर कुणी काही लादलं नाही! माझी बहीण ज्यासाठी गेली, ते आपण राखलं बघ." तो अंगणात लाकडं फोडायला गेला आणि चक्क गाऊ लागला. बहीण गेल्यापासून या घरात कुणी गायलं नव्हतं.

अपोलोनिया मागेच थांबली होती. उर्सुलानं तिचा हात ओढून घेतला आणि एकेका बोटाचं चुंबन घेतलं.

"मावशी, आमच्यासाठी तुम्ही देवाच्या पुस्तकावर खोटं बोललात. हे उपकार कसे फेडू?"

अपोलोनियानं हात सोडवून घेतला. बाळाचं टोपडं सारखं केलं. बाहेर काश्पारचं गाणं चाललंच होतं.

"खोटं?" ती म्हणाली. "मग मी नाव कशाला विचारलं होतं, असं वाटलं तुला?"